मुक्त पाते आणि मींड : ‘ईस्ट-वेस्ट’मधील हार्मोनिका

शिकागोच्या पॉल बटरफील्ड ब्लूज बँड या वाद्यवृंदाची दुसरी दीर्घ ध्वनिमुद्रिका ‘ईस्ट-वेस्ट’ १९६६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरील लिखाणाचा रोख बहुतांशी अखेरच्या, सुमारे तेरा मिनिटांच्या शीर्षकरचनेवर आणि तीतील माइक ब्लूमफील्डच्या गिटारवर राहिला. रविशंकरांच्या सतारीचा ब्लूमफील्डवर प्रभाव होता, हे खरे. परंतु एका आधारस्वरावर स्वरसप्तके पालटीत जाणारी ही रचना ‘राग’ ठरत नाही. रागाचे चलन व वादी-संवादींचे बंधन तीत नाही. आधारस्वराच्या सातत्यापलीकडे हे साम्य फारसे जात नाही.

मींडेच्या दृष्टीने पाहता लक्ष बटरफील्डच्या हार्मोनिकाकडे जावयास हवे. ‘हार्मोनिका’ व ‘हार्मोनियम’ ही नावे एकाच ग्रीक शब्दापासून आलेली असून दोन्ही वाद्ये मुक्त पात्यांची आहेत. आपल्याकडे पेटीत मींड व श्रुती नाहीत या आक्षेपावरून आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके तिला बंदी केली होती. मग तिच्याच कुळातील हार्मोनिकावर मींड निघते ती कशी?

याचे उत्तर रचनेत आहे. नेहमीच्या दहा छिद्रांच्या हार्मोनिकात प्रत्येक छिद्रात दोन पाती असतात. एक फुंकताना, दुसरे श्वास ओढताना वाजते. जीभ व मुखविवराचा आकार बदलला की दोन्ही पाती परस्परांवर परिणाम करतात आणि उंच पात्याचा स्वर खालच्याकडे ओढला जातो. पेटीत भाता व पाते यांच्यामध्ये वादकाचे मुखच नाही. (उच्चारशास्त्राच्या अभ्यासकास हा भेद सहज पटावा.)

जर्मन कारखान्यांनी हे वाद्य साध्या लोकधुनांसाठी घडविले होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांनी त्याचा षड्जच हलविला. ‘सी’ पट्टीच्या वाद्यावर ‘जी’ हा षड्ज मानला, की पाचव्या छिद्रात श्वास ओढताना कोमल निषाद आयता मिळतो. तिसऱ्या छिद्रातील शुद्ध गंधार कोमलाकडे हवा तितका उतरविता येतो. ब्लूजचा प्राण असलेला गंधार या दोहोंच्या मधलाच आहे. १९५० नंतरच्या दशकात लिटल वॉल्टरने ध्वनिग्राहक व हार्मोनिका एकत्र ओंजळीत धरून त्या स्वराला सॅक्सोफोनसारखे वजन दिले.

बटरफील्ड हा श्वेतवर्णीय तरुण ही विद्या शिकागोच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांच्या मद्यगृहांत शिकला. त्याच्या संचातील बासवादक जेरोम आर्नल्ड पूर्वी हाउलिन वुल्फच्या साथीला होता. या मुद्रिकेत ढोलवादक बिली डेव्हनपोर्टही कृष्णवर्णीयच. ध्वनिमुद्रणही झाले ते मडी वॉटर्सच्या गाण्यांनी नावारूपास आलेल्या चेस संस्थेच्या शिकागोतील ध्वनिमुद्रणालयात. कॉर्नेटवादक नॅट ॲडर्लीच्या ‘वर्क साँग’मध्ये गिटार व ऑर्गनबरोबर हार्मोनिकाही स्वतंत्र विस्तार करते. जाझमधून घेतलेल्या या रचनेत ती कोठेही उपरी वाटत नाही, आणि शीर्षकरचनेपेक्षा हीच कामगिरी अधिक पक्की आहे.