दुनळीचं मोल

दुनळी विकायला आणणारा माणूस बहुधा गोष्टीपासून सुरुवात करतो. पणजोबांनी हिने वाघ मारला, कुण्या कलेक्टरसाहेबाने भेट दिली, संस्थानच्या शिलेखान्यातली आहे, वगैरे. मी चहा मागवतो, ऐकून घेतो. मग नळ्या दस्त्यापासून सोडवून उलट्या करतो. आमच्या धंद्यात खरी साक्ष नळ्यांच्या पोटाखाली असते, काडतूस बसतं त्या टोकाच्या सपाट भागावर. वरच्या पट्टीवर कोरलेलं नाव मागाहून वाचायचं.

त्या नावाने भलेभले चकतात. ‘मॅन्टन, कलकत्ता’ किंवा ‘रॉडा, कलकत्ता’ दिसलं की मालकाला वाटतं, बंदूक तिथेच घडली. या पेढ्या विकणाऱ्या. त्यांच्या पुष्कळशा दुनळ्या बर्मिंगहॅमच्या. तिथल्या बंदूकवाल्यांच्या गल्ल्यांत नळी एकाची, चाप-घोडे दुसऱ्याचे, अक्रोडाचा दस्ता तिसऱ्याचा, नक्षी आणखी कुणाची. शेवटी नाव कोरायचं ते दुकानदाराचं. रॉडा म्हणजे तीच पेढी, जिच्या मालातून 26 ऑगस्ट 1914 ला बंगाली क्रांतिकारकांनी 50 माउझर पिस्तुलं आणि 46,000 गोळ्या लांबवल्या. इतिहास मोठा आहे, पण त्यापायी त्यांच्या साध्या दुनळीला मी दमडी जास्त देत नाही.

नळ्यांच्या पोटाखालची साक्ष म्हणजे परीक्षाशाळेचे शिक्के. बर्मिंगहॅमची परीक्षाशाळा 1813 च्या कायद्याने उभी राहिली. प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा; फुटली तर गेली, टिकली तर शिक्का. मुकुटाखाली फुलीसारखे दोन राजदंड म्हणजे 1904 च्या आधीची. त्यानंतर मुकुटाखाली अक्षरं येतात; त्यांत ‘एनपी’ असेल तर नळी धूर न करणाऱ्या नव्या दारूवर तपासलेली. लंबगोलात ‘ईएलजी’ असेल तर माल बेल्जियममधल्या लिएजचा. तिथले लोक अमेरिकेत स्वस्त दुनळ्या ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ नावाने खपवत. वेस्ली रिचर्ड्स या नामांकित इंग्रजी पेढीशी संबंध शून्य, पण गिऱ्हाईक फसायचं.

कोकणातल्या एका बागायतदाराची दुनळी अशीच आली. बाहेर घोडे, चापाखाली आडवा दांडा. म्हणजे हेन्री जोन्सच्या 1859 च्या पेटंटची पद्धत. पोटाखाली राजदंड, आणि शेजारी ‘नॉट फॉर बॉल’. हा शिक्का 1875 ते 1887 एवढ्याच काळात मारला जाई. तोंडाशी नळी चिंचोळी केली की छर्रे दाट पडतात, पण सबंध गोळी अडकू शकते, म्हणून ही ताकीद. बंदुकीचं वय तिथेच कळलं. पण मी तोंडाशी गेज घातलं तर चिंचोळेपणाचा पत्ता नाही! दोन्ही नळ्यांची तोंडं जवळजवळ भिडायला हवीत, त्यांत चांगली फट होती आणि ती डाग देऊन बुजवली होती. रानात वावरायला सोपी जावी म्हणून कुणीतरी पुढचा तुकडा करवतीने कापला होता. जुन्या दुनळीचा याहून मोठा घात दुसरा नाही.

पुढे आणखी. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर एका गोळीचा व्यास तो बारा बोअर, साधारण साडेअठरा मिलिमीटर. या नळीवर 13 चा शिक्का होता, म्हणजे तपासणीच्या वेळी आतून अठराच्या आसपास. माझं गेज साडेअठरा दाखवत होतं. आतला गंज घासघासून काढला की असं होतं. नळी चकचकीत दिसते आणि पातळ होते. बाहेरून निळा रंग चढवला होता. खरवडल्यावर खालून दमास्कसची वेटोळी दिसली: लोखंड-पोलादाच्या पिळलेल्या पट्ट्या सळईभोवती गुंडाळून ठोकून जोडलेल्या. हे काम काळ्या दारूसाठी, आणि हा गृहस्थ रानडुकरांवर आजची काडतुसं झाडत होता. त्याला आधी ते बंद करायला सांगितलं, भाव नंतर.

नळ्या बोटावर टांगून टिचकी मारली की घंटेसारखा नाद यायला हवा. इथे बद्द आवाज आला. मधली पट्टी सुटली होती.

गिऱ्हाईक हल्ली मोबाइलवर लंडनच्या लिलावाचा आकडा दाखवतं. तो आकडा इथे लागू नाही. शंभर वर्षांची वस्तू पुरावशेष ठरली तर 1972 च्या कायद्याने बाहेर नेता येत नाही. देशात घेणारा परवानेवालाच हवा. ऐंशीच्या दशकात आयात बंद झाली तेव्हा साध्या विलायती दुनळीलाही भाव चढला. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं राहिली, आणि कपाटातली तिसरी बाहेर पडली. हौसेची शिकार तर कायद्याने केव्हाच संपलेली. निवडणुकीला जमा केलेली बंदूक गंज घेऊन परत येते, तोही भावातून वजा.

बागायतदाराला मी लेखी दिलं: झाडण्यालायक नाही, शोभेपुरती. आकडा वाचून तो म्हणाला, “काका, एवढ्यात धड फोनही येत नाही.” खरं होतं. त्यातही निम्मे पैसे मी नुसत्या दस्त्याचे धरले होते. अक्रोडाचं लाकूड उत्तम होतं, आणि तेवढ्याला कुणी पॉलिशचा हात लावला नव्हता.