बारडोलीचा सारा: चूक सापडली कुठे?

बारडोली म्हटलं की आपल्याला वल्लभभाई पटेल आठवतात, जप्तीसाठी आणलेले पठाण आठवतात, जप्ती चुकवायला घरात कोंडून ठेवलेल्या म्हशी आठवतात. आज आपण या लढ्याची जरा कोरडी बाजू बघणार आहोत. सरकारनं लावलेला शेतसारा चुकीचा होता, हे शेवटी सिद्ध झालं कसं?

बारडोली तालुका सुरत जिल्ह्यातला, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातला. साऱ्याची आकारणी साधारण तीस वर्षांनी नव्यानं व्हायची. ते काम या वेळी डेप्युटी कलेक्टर जयकर यांच्याकडे आलं. (हे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर नव्हेत, नावावरून गोंधळ नको.) त्यांनी सुमारे ३० टक्के वाढ सुचवली. कारणं काय? तापी खोऱ्यातली रेल्वे झाली, धान्याचे भाव वाढले, पक्की घरं उभी राहिली, दुभती जनावरं वाढली, मजुरीसुद्धा वाढली. आता मजुरी वाढली तर शेतकऱ्याचा खर्च वाढतो, नफा नाही. आणि पक्की घरं? त्यातली बरीच दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या माणसांनी पाठवलेल्या पैशांतून बांधलेली होती. शेतकऱ्यांनी हे तेव्हाच सांगितलं.

जयकरांचा अहवाल वर गेला सेटलमेंट कमिशनर अँडरसन यांच्याकडे. अँडरसन यांना जयकरांचा युक्तिवाद पटला नाही. त्यांचं म्हणणं असं की आकारणीचा खरा आधार एकच, जमीन किती खंडानं जाते तो. पण खंडाचे आकडे त्यांनी आणले कुठून? त्याच जयकरांच्या अहवालाला जोडलेल्या परिशिष्टातून! त्यावरून त्यांनी २९ टक्के सुचवले. सरकारनं १९२७ मध्ये त्यात थोडी सूट देऊन २२ टक्के कायम केले. म्हणजे तीन पातळ्यांवर तीन निर्णय झाले, वरच्यानं खालच्याला दुरुस्तही केलं, पण मूळ यादी गावात नेऊन पडताळायचं कुणाच्या मनात आलं नाही.

त्या यादीत काय होतं, हे नीट समजून घेऊ. समजा, एका शेतकऱ्यानं सावकाराकडे जमीन कब्जेगहाण टाकली आणि मग तीच जमीन सावकाराकडून कसायला घेतली. दरवर्षी तो सावकाराला जे देतो ते कागदावर 'खंड' म्हणून लिहिलं जातं. प्रत्यक्षात ते कर्जाचं व्याज आहे. कर्ज मोठं तर 'खंड' मोठा, मग जमीन कशीही असो. असे व्यवहार यादीत सरसकट धरले होते. ज्या जमिनीवर कुळानं किंवा मालकानं पदरचा पैसा घालून सुधारणा केली, तिचा चढा खंडही त्यातच. शिवाय करार कितीचा झाला ते लिहिलेलं, वसूल किती झाला ते नाही. आणि अनेक वर्षांचे करार एकत्र केल्यानं तीच जमीन पुन्हा पुन्हा मोजली गेली, असाही आक्षेप होता. त्यामुळे तालुक्यात खंडानं दिलेली जमीन प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त दिसत होती.

मग शेतकऱ्यानं कोर्टात का जाऊ नये? कारण १८७६ च्या मुंबई महसूल अधिकारक्षेत्र कायद्यानं साऱ्याच्या आकारणीविरुद्धच्या दाव्यांना दिवाणी न्यायालयाचं दार बंद केलं होतं. तक्रार करायची ती महसूल खात्याकडेच, ज्यानं आकारणी केली त्याच्याकडेच. १२ फेब्रुवारी १९२८ ला सुरू झालेल्या लढ्याची मागणी नेमकी इथे बोट ठेवणारी होती. सारा माफ करा, असं शेतकरी म्हणत नव्हते. निष्पक्ष चौकशी करा, नाहीतर जुन्या दरानं सारा घ्या, एवढंच ते म्हणत होते. सरकारचा हट्ट असा की आधी वाढीव सारा भरा, मग चौकशीचं बघू. ऑगस्टमध्ये तडजोड झाली ती वाढीची रक्कम शेतकऱ्यांऐवजी तिसऱ्यानंच सरकारजमा करून. 'आधी भरा, मग बोला' हा प्रकार आपल्याला अनोळखी नाही. महाराष्ट्रात महापालिकेच्या मालमत्ता कराविरुद्ध अपील करायचं तर आजही वादातली रक्कम आधी जमा करावी लागते.

चौकशीला दोन अधिकारी नेमले गेले. महसूल खात्याचे मॅक्सवेल आणि न्यायखात्याचे ब्रूमफील्ड. हो, तेच ब्रूमफील्ड, ज्यांनी १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती. शेतकऱ्यांच्या बाजूनं आधी भुलाभाई देसाई उभे राहिले. गावोगावची माहिती जमवायचं किचकट काम नरहरी परीख, महादेव देसाई आणि रामनारायण पाठक यांनी केलं. आमच्या मते या लढ्यातलं सगळ्यात दुर्लक्षित काम हेच. भाषणं लक्षात राहतात, खातेउतारे कोण लक्षात ठेवतो?

ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल खरोखर गावात गेले. नोंदीतला एकेक करार काढून कुळाला, मालकाला विचारलं. हा खंड की व्याज? मिळाला का? बघता बघता यादी गळू लागली. १९२९ च्या त्यांच्या अहवालानं तलाठ्यांनी केलेली ही यादी विश्वासार्ह नसल्याचं मान्य केलं आणि वाढ २२ वरून ६.०३ टक्क्यांवर आणली. सरकारनं ती स्वीकारली.

एक गोष्ट मात्र या हिशेबाबाहेरच राहिली. बारडोलीतली बरीच शेती दुबळा समाजातले हाळी मजूर कसत होते, कर्जापायी पिढ्यानपिढ्या मालकाशी बांधले गेलेले. त्यांच्या नावावर जमीन नव्हती, म्हणून साराही नव्हता, आणि साऱ्याची चूक दुरुस्त झाल्यानं त्यांना काही मिळालंही नाही.

आकारणी कशी करायची याचे नियम तोवर बहुतांशी सरकारी ठरावांवर चालत. ते कायद्यात यायला १९३९ उजाडलं. त्या वर्षी मुंबईच्या जमीन महसूल कायद्यात आकारणीवर स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं आणि आकारणीचा प्रस्ताव प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवणं सरकारवर बंधनकारक झालं.