सी ड्राइव्हचं कूळ

नव्या लॅपटॉपवर 'धिस पीसी' उघडलं की पहिला भेटतो तो सी. सोबत कधी डी असतो, कधी नसतो. ए आणि बी मात्र कुठेच दिसत नाहीत. सॉफ्टवेअर टाकायला बसलं तरी सेटअप आपणहून 'सी:\प्रोग्राम फाइल्स' हा पत्ता पुढे करतो आणि आपण 'नेक्स्ट' दाबून मोकळे होतो. मोजणी तिसऱ्या अक्षरापासून का सुरू होते, हे शोधत मागे गेलं की लक्षात येतं, की घरातल्या आणि ऑफिसातल्या संगणकात सॉफ्टवेअर 'टाकून ठेवायची' पद्धतच या तिसऱ्या अक्षराबरोबर रुळली.

डिस्कला अक्षराने हाक मारायची रीत मेनफ्रेमवरची. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये आयबीएमच्या संशोधकांनी सीपी/सीएमएस ही प्रणाली तयार केली. तिच्यात एकाच मोठ्या यंत्रावर अनेकजण काम करत आणि प्रत्येकाच्या वाट्याला आलेले डिस्कचे तुकडे अक्षरांनी ओळखले जात. छोट्या संगणकावर ही रीत रुजली ती गॅरी किल्डाल यांच्यामुळे. किल्डाल कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेमध्ये नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवायचे आणि इंटेलला सल्ला द्यायचे. इंटेलची ८०८० ही चिप आणि ८ इंची फ्लॉपी ड्राइव्ह यांची सांगड घालण्यासाठी त्यांनी १९७४मध्ये सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. पडद्यावर 'ए>' उमटलं की समजायचं, पहिल्या ड्राइव्हवर आहोत. दुसऱ्यावर जायचं तर 'बी:' टाइप करायचं. संगणक सुरू करताना आजही जिचं नाव निघतं ती 'बायोस' ही संज्ञाही याच सीपी/एममधली.

आयबीएमने १९८१च्या ऑगस्टमध्ये आपला पीसी बाजारात आणला. त्याची डॉस ही प्रणाली मायक्रोसॉफ्टने पुरवली होती, पण लिहिली होती सिॲटलच्या एका छोट्या कंपनीतल्या टिम पॅटरसन यांनी, आणि तीही सीपी/एमवर नजर ठेवून. त्यामुळे ड्राइव्हची अक्षरं, आठ अधिक तीन अक्षरांची फाइलनावं असं बरंच काही जसंच्या तसं आलं. पीसीच्या पेटीत सव्वापाच इंची फ्लॉपीच्या दोन ड्राइव्हपुरती जागा होती. डावीकडची ए, उजवीकडची बी. एका फ्लॉपीत मावायचे १६० केबी, आणि फाइली जास्तीत जास्त ६४.

या यंत्रावर काहीही 'टाकलेलं' नसे. चालू करताना डॉसची फ्लॉपी एमध्ये घालायची. मग ती काढून वर्डस्टार या मजकूर लिहायच्या प्रोग्रामची घालायची. मजकूर साठवायची फ्लॉपी बीमध्ये. काम संपलं की दोन्ही काढून कागदी पाकिटात ठेवायच्या. चालू असताना प्रोग्राम रॅममध्ये असे, आणि वीज गेली की रॅम कोरी. सॉफ्टवेअर यंत्रात नव्हतं, माणसाच्या खणात होतं. रॅम आणि साठवण यांतला फरक आज नवख्यांना समजावून सांगावा लागतो. तेव्हाच्या माणसाला तो दिवसातून दहादा फ्लॉपी बदलताना हाताला कळायचा.

ज्यांना दोन ड्राइव्ह परवडत नसत त्यांच्यासाठी डॉसने एक युक्ती केली. ड्राइव्ह एकच असली तरी तिला नावं दोन, ए आणि बी. एका फ्लॉपीवरची फाइल दुसरीवर न्यायची असेल तर 'एवरून बीवर कॉपी कर' असंच सांगायचं. डॉस पहिल्या फ्लॉपीतला मजकूर रॅममध्ये उचलून घ्यायचा, थांबायचा आणि पडद्यावर सूचना द्यायचा, की आता बी ड्राइव्हची फ्लॉपी घाला आणि कोणतंही बटण दाबा. माणूस त्याच फटीतली फ्लॉपी बदलायचा आणि उरलेलं काम पुरं व्हायचं. फाइल मोठी असली की ही अदलाबदल पुन्हा पुन्हा. म्हणजे बी ड्राइव्ह यंत्रात असो वा नसो, बी हे अक्षर कायम राखून ठेवलेलं.

८ मार्च १९८३ रोजी आयबीएमने पीसी एक्सटी आणला. त्यात एक फ्लॉपी ड्राइव्ह होती आणि पेटीतच पक्की बसवलेली १० एमबीची हार्डडिस्क. पण ए आणि बी ही वतनं आधीच वाटून झाली होती. पाहुणा कितीही तालेवार असला तरी त्याला पुढचं अक्षर घ्यावं लागलं: सी.

पाहुणा तालेवार होता खराच. तोवर फ्लॉपीची मजल ३६० केबीवर गेली होती, तरी अशा अठ्ठावीस फ्लॉप्यांचा ऐवज त्या एका डिस्कवर मावत होता. एवढ्या फाइली एकाच यादीत ठेवल्या तर हवी ती सापडायची कशी? म्हणून एक्सटीबरोबर आलेल्या डॉस २.०मध्ये युनिक्सच्या धर्तीवर डिरेक्टरीच्या पोटात डिरेक्टरी करायची सोय आली. तीच आपली आजची फोल्डर. युनिक्समध्ये मार्ग लिहिताना पुढे झुकलेली रेघ वापरतात. डॉसमध्ये ती रेघ आज्ञांचे पर्याय सांगण्यासाठी आधीच खर्ची पडली होती, म्हणून मागे झुकलेली घेतली. 'सी:\' मधल्या त्या उलट्या रेघेचा जन्म हा असा.

आता फ्लॉपीवरचा प्रोग्राम सीवर उतरवून ठेवता येऊ लागला. सुरुवातीला हे काम हातानेच व्हायचं: डिरेक्टरी करायची, फाइली कॉपी करायच्या. पुढे प्रोग्राम फुगले, एकेकाच्या चार-पाच फ्लॉप्या झाल्या, त्यातल्या फाइली दाबून भरलेल्या असत. मग ते काम करणारा वेगळा छोटा प्रोग्राम पहिल्या फ्लॉपीवर येऊ लागला, 'इन्स्टॉल' किंवा 'सेटअप' नावाचा. तो ड्राइव्ह विचारायचा, फाइली उलगडून योग्य जागी ठेवायचा आणि संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलींत दोन ओळींची भर घालायचा.

कंपन्यांना ही नवी रीत चटकन पचली नाही. १९८३च्या जानेवारीत आलेल्या लोटस १-२-३ या आकडेमोडीच्या प्रोग्रामची सुरुवातीची आवृत्ती हार्डडिस्कवर उतरवली तरी सुरू होताना मूळ फ्लॉपी एमध्ये आहे ना, हे तपासायची. नकला होऊ नयेत म्हणून ही खबरदारी. मराठी डीटीपी करणाऱ्यांना याची गंमत वाटणार नाही; प्रिंटरच्या पोर्टला डोंगल लावल्याशिवाय न उघडणारी फॉन्टची सॉफ्टवेअरं त्यांनी वर्षानुवर्षं वापरली आहेत.

ऑगस्ट १९९५मध्ये विंडोज ९५ आलं. सीडी नसलेल्यांसाठी ते १३ फ्लॉप्यांवर मिळायचं. 'प्रोग्राम फाइल्स' हे फोल्डर त्याच्यासोबत रुळलं, आणि प्रोग्रामच्या नोंदी ठेवणारी रजिस्ट्रीही. म्हणूनच नुसतं फोल्डर दुसऱ्या संगणकावर कॉपी केलं तर प्रोग्राम बहुधा चालत नाही आणि फोल्डर डिलीट केलं तरी तो पुरता जात नाही. त्यासाठी 'अनइन्स्टॉल'च करावं लागतं.

फ्लॉपी गेली, तरी सी हललं नाही. विंडोजच्या गाभ्यात डिस्कची खरी नावं निराळीच असतात. 'सी:' हे वरून दिलेलं टोपणनाव. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन पेनड्राइव्हला ए हे अक्षर दिलं तर विंडोज तक्रार करत नाही. पण सी हीच घरची डिस्क असं धरून चालणारे प्रोग्राम आणि माणसं इतकी झाली आहेत, की अक्षर बदलण्यात कुणाचाच फायदा नाही.

आपल्याकडे सीचा संसार वेगळ्याच कारणाने वाटला गेला. डॉस आणि सुरुवातीचं विंडोज ९५ वापरत ती फॅट१६ पद्धत एका भागात २ जीबीपेक्षा जास्त जागा हाताळू शकत नसे. ४ जीबीची डिस्क आली की असेंबल करणारा तिचे सी, डी, ई असे तुकडे पाडून द्यायचा. मर्यादा पुढे गेली, तुकडे राहिले, कारण विंडोज बिघडलं की फॉरमॅट मारायचा आणि नवं टाकायचं हा आपला हुकमी इलाज. सी पुसला तरी डी शाबूत.

तरीही घात व्हायचाच. फॉन्ट असतात 'सी:\विंडोज\फॉन्ट्स'मध्ये. फॉरमॅट मारल्यावर डीवरची मराठी पत्रिका उघडावी तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी, कारण त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली असत. युनिकोड आल्यावर हे दुखणं सरलं, पण विंडोज एक्सपीवर त्यासाठीसुद्धा कंट्रोल पॅनेलमध्ये खूण करून मूळ सीडीवरून फाइली उतरवाव्या लागत.

आजही फॉरमॅट मारायच्या आधी दुरुस्तीवाला विचारतो, "सीमध्ये काही आहे का?" आपण बेधडक 'नाही' म्हणतो. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स ही तिन्ही फोल्डर आपण मुद्दाम हलवली नसतील तर सीवरच असतात. मोबाइलमधून उतरवलेले लग्नाचे फोटो बहुतेक वेळा डेस्कटॉपवरच पडलेले असतात. त्यामुळे 'नाही' म्हणायच्या आधी ही तीन फोल्डर उघडून बघावीत, आणि हवं ते डीवर नव्हे, बाहेरच्या डिस्कवर काढून घ्यावं. कारण सी आणि डी ही नावं दोन असली तरी पेटीतली डिस्क बहुधा एकच असते.