मक्तेदाराचा तराजू आणि आदिवासीचे मत

‘मक्तेदारी’ म्हटले की आपल्या पंडितांना गिरण्या आणि कारखाने आठवतात. मला जव्हार-मोखाड्याचा बाजार आठवतो. विकणारे हजार आणि घेणारा एक, ही स्थिती या डोंगरात जुनी आहे. जिथे घेणारा एकच असतो तिथे माणसाचे मतही त्याच्याच तराजूत पडते, हे माझे म्हणणे आहे.

1878 च्या आबकारी कायद्यानंतर मुंबई इलाख्यात दारूचा धंदा मक्तेदारांच्या मुठीत गेला. 1892 च्या मोह कायद्याने ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांवरच निर्बंध आले. ज्या झाडाखाली वारली-कातकऱ्यांच्या पिढ्या वाढल्या, त्याची फुले वेचणे गुन्हा ठरले. मक्तेदाराला गिऱ्हाईक मिळाले, आदिवासीला कोर्टकचेरी.

जव्हार तेव्हा मुकणे घराण्याचे संस्थान होते. राजा महादेव कोळी. पण राजा आपला म्हणून सावकार आपला होत नाही. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की खावटी घ्यायची, सुगीत भात-नागली-वरई त्याच्याच मापाने घालायची. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी कर्ज काढणारा ‘लग्नगडी’ होऊन मालकाच्या शेतावर राबत असे. 1945 साली शेजारच्या उंबरगाव-डहाणूत वारली वेठीविरुद्ध उठला, तेव्हा त्याने मजुरीबरोबर माणूसपणही मागितले.

1948 मध्ये संस्थान विलीन झाले. मताचा अधिकार आला. खावटीची गरज मात्र तशीच राहिली. कोकणातल्या खोताविरुद्ध 1937 साली विधेयक मांडणाऱ्या बाबासाहेबांनी हा धोका आधीच ओळखला होता. सरकारने हात काढून घेतला की दुबळ्याला स्वातंत्र्य मिळत नाही, खाजगी मालकाची हुकूमशाही मिळते, असे त्यांनी 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बजावले.

1972 साली आदिवासी विकास महामंडळ निघाले. 1976 च्या कायद्याने एकाधिकार खरेदीचा मार्ग मोकळा झाला. सावकाराला बाजाराबाहेर काढण्याचा तो हेतू योग्यच होता, आणि त्याची टर उडवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या कळवळ्यावर मी विश्वास ठेवत नाही. पण घेणारा एकच राहिला की दोष तोच राहतो. केंद्र उशिरा उघडले, पैसे लांबले, तर अडलेले घर चोरून त्याच जुन्या दुकानाची पायरी चढते. सहकारी संस्थेत आदिवासी सभासद असतो. हिशेबाची वही कुणाच्या हातात असते, हा खरा सवाल आहे. 1992 मध्ये वावर-वांगणीत मुले कुपोषणाने दगावली, तेव्हा मतपेटी होती, महामंडळही होते.

1996 चा पेसा कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला आहे. मक्तेदारी सावकाराकडून सरकारकडे गेली, एवढ्याने ती मोडत नाही. भाव ठरवताना ग्रामसभेला विचारले पाहिजे, वजन पाड्यावर झाले पाहिजे, हिशेब सर्वांसमोर वाचला गेला पाहिजे. मत पाच वर्षांतून एकदा द्यायचे असते; धान्य दर सुगीला मोजले जाते. त्या मोजणीवर ज्याचा ताबा नाही, त्याला नागरिक म्हणायला मी तयार आहे, पण त्याच्या गावात लोकशाही आली असे म्हणायला तयार नाही.