भूकंप: कारणे, परिणाम आणि ढिगाऱ्यातून सुटका झालेल्या रुग्णाची काळजी

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. त्याची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. याहून मोठे भूकंप जगात दरवर्षी होतात, तरीही लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. लोक झोपेत होते आणि घरे होती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची, वर माळवदाचे जड छत. भूकंपात माणसाचा जीव बहुतेक वेळा जमिनीच्या हलण्याने जात नाही, अंगावर कोसळणाऱ्या घराने जातो.

भूकंप का होतो?

पृथ्वीचे कवच मोठमोठ्या तुकड्यांचे बनलेले आहे. त्यांना भूपट्ट म्हणतात. आपला भारतीय भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि आशियाला रेटतो. या रेट्यामुळे खडकांत ताण साठत जातो. तो असह्य झाला की खडक जुन्या भेगेवर अचानक सरकतो आणि हादरे बसतात. हिमालयात हे वारंवार घडते. किल्लारी मात्र भूपट्टाच्या आतल्या भागात आहे, म्हणजे ‘आपल्याकडे काही होत नाही’ असे गृहीत धरता येत नाही. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ रोजी झालेल्या भूकंपाचा संबंध तर धरणाच्या जलाशयाशी जोडला जातो.

शरीरावर काय परिणाम होतो?

डोक्याला मार, हाडे मोडणे, रक्तस्राव, नाकातोंडात धूळ जाऊन गुदमरणे हे परिणाम सर्वांना ठाऊक असतात. मला सांगायचे आहे ते कमी माहीत असलेल्या एका धोक्याबद्दल.

समजा, एखाद्याचा पाय भिंतीखाली पाच-सहा तास अडकला आहे. तो शुद्धीवर आहे, बोलतो आहे. लोक त्याला बाहेर काढतात, सगळ्यांना हायसे वाटते आणि थोड्या वेळात तो दगावतो. याला क्रश सिंड्रोम म्हणतात. १९४१ मध्ये लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली सापडलेल्या रुग्णांमध्ये डॉक्टरांनी याचे सविस्तर वर्णन केले. दबलेले स्नायू आतल्या आत मरू लागतात. दाब निघताच त्यांतले पोटॅशियम आणि मायोग्लोबिन एकदम रक्तात उतरते. पोटॅशियममुळे हृदय थांबू शकते. मायोग्लोबिनमुळे किडनी निकामी होऊ शकते. तुर्कस्तानात १९९९ च्या भूकंपानंतर चारशेहून अधिक जणांना डायलिसिस करावे लागले.

म्हणून शक्य असेल तिथे रुग्णाला बाहेर काढण्याआधीच शिरेतून सलाईन सुरू करतात. आग लागली असेल किंवा आणखी काही कोसळण्याची भीती असेल, तर अर्थातच आधी सुटका.

तुम्ही नातेवाईक असाल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. रुग्ण किती वेळ अडकला होता ते डॉक्टरांना आपणहून सांगा. तो चालत असला तरी रुग्णालयात न्याच. लघवी कमी होत असेल किंवा काळ्या चहासारखी दिसत असेल, तर क्षणभरही थांबू नका. आणि नारळपाणी, केळी, फळांचा रस देऊ नका. एरवी आपण आजाऱ्याला प्रेमाने देतो तेच पदार्थ इथे घातक ठरतात, कारण त्यांत पोटॅशियम भरपूर असते. पूर्ण शुद्ध असेल, उलट्या नसतील आणि पोटाला मार नसेल, तर साधे पाणी घोटघोट चालेल. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या किंवा इंजेक्शने मनाने घेऊ नका, किडनीवर ताण वाढतो. (‘दुखतंय, एक इंजेक्शन द्या’ हा आग्रह आमच्या ओळखीचा आहे. इथे तो धरू नका.) जखम लहान असली तरी धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारा.

हृदयरोग्यांनी विशेष सांभाळावे. छातीत दुखले, दम लागला, दरदरून घाम आला, तर ते केवळ घाबरल्यामुळे आहे असे समजू नका. धावपळीत मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चुकतात. इन्सुलिन घराच्या ढिगाऱ्यात राहते. औषधांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये आणि एखाद्या परगावच्या नातेवाइकाकडे ठेवा.

भूकंपानंतर कित्येक दिवस पलंग हलल्याचा भास होणे, झोप न लागणे, लहान मुलांनी अंथरूण ओले करणे हे पुष्कळांना होते, हळूहळू कमीही होते. महिन्यानंतरही तेच दृश्य डोळ्यांसमोर येत असेल, घरात पाऊल टाकवत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. यावर उपचार आहेत.