अंबाडीचा पीळ

१९१५ सालचा आश्विन. नगर जिल्ह्यातल्या एका ओढ्याच्या डोहाशी तुम्ही उभे आहात. डोळ्यांआधी नाकाला कळतं: कुजट, उग्र, घशात उतरणारा वास. अंबाडीच्या पेंढ्या पंधरवडाभर दगडांखाली दाबून ठेवल्यात. साल खोडाला धरून ठेवणारा चिकटा पाण्यातल्या जिवाणूंनी खाल्लाय. धागा त्यांना इतक्यात पचत नाही. सगळं काम या फरकावर चालतं. दिवस कमी पडले तर साल सुटत नाही, जास्त झाले तर वाख, म्हणजे तो धागाही, कुजतो.

मांगवाड्यातला म्हातारा कारागीर मांडीभर पाण्यात उतरतो. एक काडी उपसतो, बुडाशी मोडतो, सालीखाली अंगठा सारून वर ओढतो. सगळी साल सरसर सुटते. एका हातात बुळबुळीत वाख, दुसऱ्यात उघडी पडलेली सणकाडी. वाख आपटून धुवायचा, बाभळीवर वाळवायचा.

वाळलेल्या वाखाचं टोक तो तुमच्या हाती देतो. “वढून धरा, धनी. सैल सोडलं की पीळ गेला.” दोन पेड एकाच दिशेला पिळायचे, मग एकमेकांवर उलट दिशेला वळायचे. एक उलगडू पाहतो, तोच दुसऱ्याला आवळतो. गाठ नाही, डिंक नाही. नुसता ताण ताणाला धरून. घटकाभरात तुमचे तळवे सोलवटतात. काय अक्कल आहे या हातांत!

यातूनच कासरा, दावं, शिंकं. परसातल्या दोडक्याचा वेल मांडवाला बांधायची बारीक सुतळीही यातलीच; कोवळ्या देठाला ती काचत नाही, आणि तुटून पडली तर मातीतच जिरते.

संध्याकाळी एका शेतकऱ्याच्या विहिरीवर मोटेचा नाडा, पाणी उपसायचा जाड दोर, पोचवायला तुम्ही त्याच्याबरोबर जाता. दाम नाही, सुगीला खळ्यावर बलुतं, म्हणजे धान्याचा वाटा, मिळेल. याच वर्षी त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ छापून आलंय, त्यात हा सगळा व्यवहार मांडलाय. म्हातारा नाडा जमिनीवर ठेवतो नि मागे सरतो. गडी तो उचलून मोटेला जोडतो, बैल धावेवर उतरतात, पाणी थारोळ्यात कोसळतं. म्हाताऱ्याला तहान लागलीय. विहिरीला हात लावायची त्याला मुभा नाही; कुणीतरी वरून ओतेल तेव्हा ओंजळीनं प्यायचं. तुमच्या अंगाचा तिळपापड होतो. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला अजून १२ वर्षं आहेत.