पाण्याचा ठाव : ओळंब्यापासून प्रतिध्वनीपर्यंत

कुणकेश्वराच्या देवळाजवळ उभे राहिले म्हणजे समुद्राचा विस्तार डोळ्यांत मावत नाही. परंतु नावाड्याला विस्तारापेक्षा खोलीची चिंता अधिक. खडक कुठे आहे, चिखल कुठे आहे, जाळे किती सोडावे, हे त्याला कळले पाहिजे. चुकले तर जाळे फाटते, कधी होडीही जाते.

पूर्वी याचे साधन एकच होते : दोरी आणि तिच्या टोकाला शिशाचा गोळा. दोन्ही हात पसरले की एक वाव, म्हणजे सुमारे सहा फूट. दर्यावर्दी लोक शिशाच्या बुडाला चरबी लावीत. तिला चिकटून आलेली वाळू किंवा चिखल पाहून तळाची जात ओळखीत. खोल समुद्रात मात्र एका मापाला तास न् तास लागत.

दोरीची जागा पुढे आवाजाने घेतली. त्याचा पाया गोड्या पाण्यात घातला गेला, बरे का! १८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरात कोलाडोन या शास्त्रज्ञाने पाण्याखाली घंटा वाजवून आवाजाचा वेग मोजला. तो सेकंदाला १४३५ मीटर भरला. १९१२ साली ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळून बुडाली, आणि या शोधाला निकड आली. १९१३ साली जर्मनीत बेम यांनी प्रतिध्वनीने खोली मोजण्याचे पेटंट घेतले. १९१४ साली फेसेंडेन यांनी हिमनगाचा प्रतिध्वनी ऐकून दाखवला. १९३३-३४ साली ‘मबाहिस’ या इजिप्तच्या जहाजाने हेच यंत्र घेऊन आपला अरबी समुद्र मोजला, तेव्हा पाण्याखाली डोंगररांगा आढळल्या. आणि १९४८ साली जपानमध्ये फुरुनो बंधूंनी मासे शोधण्याचे यंत्र बाजारात आणले.

यंत्र खोली मोजत नाही, वेळ मोजते. हे नीट ध्यानात घ्या. आवाज तळाशी जाऊन परत यायला सेकंदाचा पंचविसावा भाग लागला, तर जाण्यायेण्याचे अंतर सुमारे ६० मीटर. निम्मे केले की खोली ३० मीटर, म्हणजे सोळा वाव. एकाच उष्णतेच्या गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे ३५ ते ४० मीटर जास्त धावतो. म्हणून ज्या यंत्रात खाऱ्या-गोड्या पाण्याची निवड असते, तिथे ती बरोबर लावावी.

दुसरा भेद याहून मोठा आहे. समुद्राच्या पाण्यातील मॅग्नेशियम सल्फेट बारीक, उंच आवाज शोषून घेते. म्हणून खोल समुद्राला ५० किलोहर्ट्झचा खालचा सूर हवा. तो दूर जातो, पण बारकावे कमी दाखवतो. कोयनेच्या शिवसागर जलाशयात किंवा देवगडच्या खाडीत २०० किलोहर्ट्झचा वरचा सूर चांगला. किनाऱ्यालगतच्या सोळा-वीस वाव पाण्यातही तोच पुरतो. तेव्हा लहान होडीवाल्याने हजार मीटरच्या बढाईला भुलून पैसे का घालवावेत? आपण किती वावांत जातो, ते आधी पाहावे.

पडद्यावर दिसणारा मासा हाही प्रतिध्वनीच. माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून आवाज जोराने परततो. मुशीला ती पिशवी नसते, म्हणून तिची खूण फिकी उमटते. पडदा कोरा दिसला म्हणजे पाणी रिकामे, असे समजू नये.

शेवटी एक सूचना. आवाज सोडणारी चकती होडीच्या बुडाशी असते. म्हणून यंत्र पाण्याच्या पृष्ठापासून नव्हे, चकतीपासून मोजते. तिच्याखाली बुडबुडे आले किंवा तिच्यावर शेवाळ चढले, की माप बिघडते. नवे यंत्र बसवल्यावर शांत पाण्यात शिशाची दोरी सोडून दोन्ही मापे ताडून पाहावीत. शिक्षक मित्रांनी हाच हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. आणि दोरी होडीतच ठेवावी. भर समुद्रात बॅटरी उतरली तर वाव मोजायला तीच उपयोगी पडेल.